बोट बधिर झालं तर लगेच सांग

"ताई, मी मूळची गडहिंग्लज तालुक्यातली. सध्या उत्तर जर्मनीत समुद्री बर्फावर पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. येत्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या वाहत्या बर्फावरच्या कॅम्पवर आमच्या गटाला एक जागा मिळाली आहे आणि सरांनी माझं नाव सुचवलंय. जहाज बर्फात गोठवून ठेवणार, त्याच्या आजूबाजूला बर्फावर तंबू आणि उपकरणं. अडीच महिने, पूर्ण अंधार. आई नको म्हणते, तिने टीव्हीवर अस्वलं पाहिली आहेत. बाबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मी पोहोचू शकणार नाही अशा ठिकाणी असताना त्यांना काही झालं तर, हा विचार मलाही सोडत नाही. मी शाकाहारी आहे. पाळी, बाहेर तासन् तास काम, हे सगळं विचारायचं कुणाला? गटात बाकी सगळे पुरुष. पण ताई, मी कुणाला त्रास देणाऱ्यातली नाही. लहानपणापासून सोसायची सवय आहे, काहीही झालं तरी निभावून नेईन. जाऊ का? आणि तिथला दिवस नेमका कसा असतो, सांगाल का?"

(नाव न छापण्याची विनंती)

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाहत्या बर्फावर मी स्वतः नऊ आठवडे काढले आहेत. तेव्हा मी तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेन. जायच्या आधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते आज तुला सांगते. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. फक्त "सोसायची सवय आहे, निभावून नेईन" हे जे लिहिलंस ना, तेवढं सामानात भरू नकोस. अंधार, थंडी, अस्वलं या सगळ्यांपेक्षा मला त्या वाक्याची जास्त धास्ती वाटते. का, ते दिवसाबद्दल सांगता सांगता येईलच.

आधी जागा कशी असते ते सांगते, म्हणजे आईलाही समजावता येईल. आईने बातम्यांत कधीतरी 'हिमाद्री' पाहिलं असेल. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून असलेलं हे आपलं केंद्र. गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून त्याचा कारभार चालतो. ते जमिनीवर आहे, पक्क्या घरात. तुझ्या पायाखाली मात्र जमीन नसणार. असेल ती एक बर्फाची लादी, मीटर-दीड मीटर जाड, लांबी-रुंदीला काही किलोमीटर, आणि तिच्याखाली सुमारे चार किलोमीटर खोल समुद्र. ती लादी वारा नेईल तिकडे जाते. साधारण वाऱ्याच्या वेगाच्या दोन टक्के, हा ठोकताळा तुला पाठ असेल. पण सेकंदाला दहा मीटर वारा चोवीस तास वाहिला आणि रात्री जेवताना पडद्यावर दिसलं की कालच्या जेवणापासून आपण घरासकट सतरा किलोमीटर सरकलोय, की घास हातातच राहतो. नॉर्वेचा संशोधक नान्सेन, त्याच्या 'फ्राम' जहाजाने १८९३ ते १८९६ हेच केलं. मुद्दाम बर्फात अडकून घेतलं आणि बर्फ नेईल तिकडे गेले. बर्फ वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून जातो हे त्यांना तिथे रोजच्या नोंदी करता करता दिसलं. वारा पाण्याला कसा ढकलतो याचं एकमन या शास्त्रज्ञाचं जे गणित तू परीक्षेत सोडवलंस, त्याचं मूळ त्या नोंदींत आहे. तुझ्या रोजच्या नोंदीही अशाच कंटाळवाण्या असतील. त्या नीट कर.

कॅम्पवर उत्तर-दक्षिण कुणी बोलत नाही. लादी वाहता वाहता गोलही फिरते, त्यामुळे काल जी उत्तर होती ती आज दुसरीकडेच असते. सगळे दिशा सांगतात त्या जहाजाच्या हिशेबाने: नाळेच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या बाजूला, उजव्या अंगाला, मनोऱ्यापलीकडे. पहिले चार दिवस गोंधळशील, मग अंगवळणी पडेल. घड्याळही जहाजाचंच. सूर्य नाही, रेखावृत्तं सगळी एकमेकांच्या जवळ आलेली, मग वेळ म्हणजे जहाजाने ठरवलेली वेळ. ती काटेकोर पाळायची, जेवणाची तर सगळ्यात आधी.

आता दिवस. साडेसहाला उठणं, नाश्ता, आठला बैठक. हवामान कसं, रात्रीत कुठे भेग पडली, कुठली केबल ताणली गेलीय, अस्वलाच्या पहाऱ्याला कोण, कोण कुणाबरोबर कुठे जाणार. मग फळ्यावर नाव लिहायचं, वॉकीटॉकी घ्यायची आणि कपडे चढवायला बसायचं. याला अर्धा तास लागतो आणि तो लागू दे. आत लोकर, तिच्यावर जाड लोकर, वर वारा अडवणारा आणि पाण्यात पडलीस तर तरंगत ठेवणारा सूट. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा नकोत, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तो घाम मग थंड पडतो. बाहेर पडल्यावर बांबूला बांधलेल्या झेंड्यांच्या रांगेने जायचं. एकटं कधीही नाही, शंभर पावलांवरही नाही. दोन-तीन तास काम, जेवायला परत, पुन्हा दोन-तीन तास. संध्याकाळी नमुने कापणं, मोजणं, वितळायला ठेवणं, आकडे उतरवून घेणं. रात्री पुन्हा छोटी बैठक. काही कामं घड्याळाला बांधलेली असतात. २०१९-२० मध्ये असंच जहाज बर्फात गोठवून वाहू दिलेल्या 'मोझेक' मोहिमेत हवामानाचे फुगे दर सहा तासांनी सोडत होते, दिवस असो की रात्र. तशी पाळी तुझ्या वाट्याला आली तर दुपारची झोप हक्काने घे.

बहुतेक वेळ विज्ञानात जात नाही हे आधीच माहीत असू दे. बर्फ साफ करणं, वाऱ्याने गाडलेली केबल उकरणं, गोठलेलं जनित्र सुरू करणं, भेग पडली की उपकरणं उचलून दुसरीकडे नेणं, आणि पहारा. अस्वलाच्या पहाऱ्याचं काम बहुतेक मोहिमांत शास्त्रज्ञांनाही आळीपाळीने करावं लागतं. निघायच्या आधी बंदूक आणि आवाजाची पिस्तुलं चालवायचं प्रशिक्षण मिळतं. ते मन लावून घे. पहारा हे सगळ्यात थंड काम, कारण बाकीचे हातपाय हलवत असतात आणि तू उभी राहून अंधारात बघत असतेस. आईला खरं सांग: अस्वल येतं, कुतूहलाने येतं, आणि ते दिसलं की काम तिथल्या तिथे टाकून सगळे जहाजावर परततात. लाखांचं उपकरण असलं तरी तिथेच राहतं. बंदूक असते ती शेवटचा उपाय म्हणून.

माझी गोष्ट आता सांगते. तू बर्फाचे कोअर काढणार असशील, म्हणून ही तुझ्या कामाची आहे.

आम्ही दोघं होतो, मी आणि एक वयाने मोठे तंत्रज्ञ, अतिशय शांत माणूस. उणे एकतीस तापमान, वारा बेताचा. नळीचं यंत्र बर्फात उतरवून नऊ सेंटिमीटर जाडीचा बर्फाचा दंडगोल बाहेर काढायचा, पन्हळीसारख्या पाळण्यात आडवा ठेवायचा, आणि लगेच दर दहा सेंटिमीटरवर बारीक भोक पाडून तापमानाची सळई आत घालायची. उशीर झाला की आतलं खारं पाणी गळून जातं, मग नोंदीला अर्थ उरत नाही. सळई धरायला जाड मोज्यातून जमत नाही. मी वरचे मोजे काढले, आत पातळ होते. आता समुद्राच्या बर्फात जे मिठाचं पाणी अडकलेलं असतं, ते गोठत नाही, पण बर्फाइतकंच थंड असतं. बर्फाचा वरचा भाग उणे वीसला असेल तर ते पाणीही उणे वीसला, आणि तरीही ओलं. ते माझ्या पातळ मोज्यात झिरपलं. डाव्या करंगळीला आधी झिणझिण्या, मग ठणका, मग एकदम काहीच नाही. ठणका थांबला म्हणून मला बरंच वाटलं. जोडीदाराने विचारलं, ठीक आहेस ना? मी म्हणाले, हो. दोनच तुकडे राहिले होते. सगळ्यांसमोर ती नवीन भारतीय बाई थंडीला कुरकुरते असं दिसायला नको होतं. आणि खरं सांगू, लहानपणापासून घरी ज्या गोष्टीचं कौतुक झालं ती हीच, की पोरगी तोंडातून ब्र काढत नाही.

जहाजावर येऊन मोजे काढले तर करंगळीचं टोक मेणबत्तीसारखं पांढरं आणि टणक. डॉक्टरांनी ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात हात बुडवून ठेवला. जीव परत येतानाच्या त्या वेदना मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी फोड आले. बोट वाचलं, पण मला सोळा दिवस बर्फावर जायची बंदी झाली. त्या सोळा दिवसांत माझं काम त्या शांत माणसाने केलं, स्वतःचं सांभाळून. रोज दोन तास जास्त, अंधारात, उणे तीसमध्ये. ते एकदाही बोलले नाहीत. एका संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तू तेव्हा सांगितलं असतंस तर पाच मिनिटं गेली असती."

पाच मिनिटं. हात काखेत घालून उभं राहायचं, कोरडे मोजे घालायचे, गरम चहाचा घोट घ्यायचा. कुणाला त्रास नको म्हणून मी गप्प राहिले आणि सोळा दिवसांचा त्रास दिला. आजही थंडीच्या दिवसांत फ्रिजमधून दुधाची पिशवी काढताना ती करंगळी आधी दुखते.

म्हणून लेकी, तिथे सोसणं हा गुण नाही. तिथली माणसं आपला चेहरा स्वतः पाहू शकत नाहीत, म्हणून एकमेकांचे चेहरे पाहतात. गालावर, नाकाच्या शेंड्यावर बोराएवढा पांढरा ठिपका दिसला की हिमदंशाची सुरुवात. तो ज्याच्या गालावर असतो त्याला काहीच जाणवत नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली असते. जोडीदाराशी पहिल्याच दिवशी ठरवून घे: दर दहा-पंधरा मिनिटांनी दिव्याच्या उजेडात एकमेकांचा चेहरा बघायचा आणि प्रत्येकाने बोटं हलवून दाखवायची. "ठीक आहेस का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. "कुठलं बोट जाणवत नाही?" असं विचारायचं. आणि तो ठिपका दिसला तर बर्फाने किंवा हाताने चोळू नका, नुसता उघडा तळहात त्यावर धरा.

पाळी आणि लघवीचं तू दबकत विचारलंस, मी मोकळेपणी सांगते. बाहेर सूट उतरवायची कटकट म्हणून बायका सकाळपासून पाणी पिणं कमी करतात. मीही केलं. हे थंडीतलं सगळ्यात वाईट काम. अंगातलं पाणी कमी झालं की हातापायांकडे रक्त कमी जातं आणि बोटं आधी गारठतात. म्हणजे पुन्हा तेच, अडचण सांगायची नाही म्हणून अंगावर काढायचं. तसं करू नकोस. बायकांसाठी उभ्याने लघवी करता येईल असं नरसाळ्यासारखं साधन मिळतं. ते घे आणि इथेच घरी न्हाणीघरात जाड कपडे घालून चार-पाचदा सराव कर. बर्फावर आडोशाला जायचं तर पहारेकऱ्याला सांगून जायचं. तो पाठ करून उभा राहतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. पाळीसाठी कप वापरायची सवय असेल तर सगळ्यात सोपं, बाहेर असताना बदलायची वेळच येत नाही. नसेल तर आत्तापासून दोन-तीन महिने करून बघ, तिथे जाऊन पहिल्यांदा नको. पॅड वापरणार असशील तर पुरेसे स्वतः ने. जहाजावरची शौचालयं निर्वात दाबाची असतात, त्यात काही टाकलं की सगळ्या मजल्याची तुंबतात. पहिला दिवस जड गेला तर गटप्रमुखाला "आज मला आतलं काम द्या" एवढं सांगायचं. कारण सांगायची गरज नाही आणि लाजायचीही नाही.

आणि विचारायचं कुणाला, याचंही उत्तर तुझ्या जवळच आहे. मोझेक मोहीम ज्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने काढली ती ब्रेमरहाफेनला, तुझ्या बाजूलाच. तिथे बर्फावर हिवाळा काढलेल्या बायका आहेत. सरांना सांग, मला त्यांतल्या एकीशी बोलायचंय. शिवाय त्या मोहिमेत मूळचा केरळचा एक भारतीय शास्त्रज्ञही होता, बर्फावर रडार लावायला गेलेला, म्हणजे वाट अगदीच नवी नाही. सरांना आणखी एक विचार, लेखी विचार: तिथे कुणाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची, आणि तीच व्यक्ती आड आली तर दुसरं कोण? दोन नावं मिळाल्याशिवाय होकाराच्या कागदावर सही करू नकोस.

जेवणाचं फार मनावर घेऊ नकोस. शाकाहारी आहे हे आत्ताच कळव, आचारी सोय करतात. भूक जवळजवळ दुप्पट लागेल, लाजू नकोस. ताजी भाजी हळूहळू संपते, शेवटी कोबी आणि कांदे-बटाटे राहतात, तेव्हा डबाभर मेतकूट आणि लसणीची चटणी काय काम करते ते तुला कळेल. डिंकाचे लाडू जहाजावर खायला ने, खिशात ठेवून बाहेर नको. तूप थिजून त्यांचा दगड होतो. बाहेर खायला भाजलेले शेंगदाणे. आणि नोंदींसाठी शिसपेन्सिल, कारण पेनातली शाई गोठते.

अंधाराबद्दल मला थोडं सावकाश लिहायचंय. पहिला आठवडा छान जातो. सगळं नवं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप बिघडते. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी तीनला डोळे मिटतात. साध्या बोलण्याचा राग येतो. कुणीतरी चमचा आपटून ढवळतो आणि आपल्याला वाटतं, हा मुद्दाम करतोय. असं झालं की समजून घे, हे अंधाराचं आहे, त्या माणसाचं नाही, तुझंही नाही. सकाळी प्रखर दिव्यासमोर बस, जेवायला रोज वेगळ्या टेबलावर बस, व्यायाम चुकवू नकोस. आणि हेही सांग. डॉक्टरला सांग, "मला चार दिवस नीट झोप नाही." करंगळीसारखंच आहे ते, लवकर सांगितलं तर पाच मिनिटांत भागतं. १९३७ मध्ये ध्रुवाजवळ उतरलेले सोव्हिएत संशोधक पापानिन आणि त्यांचे तीन साथीदार २७४ दिवस एका लादीवर वाहत गेले, चौघांत मिळून राहायला एकच तंबू, आणि स्वयंपाक पापानिनच करत. चौघंही धडधाकट परतले. उलट १९७० मध्ये टी-३ नावाच्या वाहत्या बर्फबेटावरच्या अमेरिकन तळावर मनुकांच्या घरगुती दारूवरून भांडण झालं आणि बंदुकीची गोळी लागून एक जण गेला. एवढंस कारण होतं. म्हणून राग आतल्या आत मुरवू नकोस, तो लहान असतानाच बोलून टाक.

आणि अंधार नुसता काळा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र जवळजवळ दोन आठवडे मावळतच नाही, आभाळात गोल गोल फिरत राहतो. त्या उजेडात दिवा बंद करून चालता येतं, आणि बर्फाचे उंचवटे निळे दिसतात. मग तो जातो आणि पुढचे दोन आठवडे उगवत नाही. चंद्राच्या जाण्याने मला रडू आलं होतं. ध्रुवप्रकाश रोज दिसेल अशी आशा धरू नकोस, त्याचा पट्टा बराच खाली, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे असतो. पण मान पूर्ण वर केलीस तर ध्रुवतारा दिसेल, जवळजवळ थेट डोक्यावर. गावच्या अंगणात आजी तो उत्तरेला खाली, झाडांच्या शेंड्यांशी दाखवायची. तिथे मी त्याच्याकडे बघत इतका वेळ उभी राहिले की पहारेकऱ्याने येऊन खांदा हलवला. ताज्या भेगेतून वाफ येते तीही बघ. पाणी उणे पावणेदोन अंशांचं, पण हवा उणे तीसची, म्हणून समुद्र त्या मानाने गरम पडतो आणि चुलाणावरच्या पातेल्यासारखा वाफाळतो. सुंदर दिसतं. जवळ मात्र जायचं नाही.

बर्फ फुटतो का, असं आई विचारेलच. फुटतो. रात्री अंथरुणात पडल्यावर जहाजाच्या पत्र्यातून ऐकू येतं, जात्याची घरघर असावी तसं, आणि मधूनच फटाक्यासारखा कडाड् आवाज. तुझ्यासाठी दिलाशाची गोष्ट अशी की तुझ्या पाठीशी जहाज आहे. निव्वळ बर्फावर घरं बांधून राहिलेल्या रशियन तळांना ती सोय नव्हती. २००४ च्या मार्चमध्ये 'उत्तर ध्रुव-३२' तळाचा बराचसा भाग बर्फाच्या उभ्या राहिलेल्या ढिगाऱ्याने गिळला आणि बारा जणांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. माणसं सगळी वाचली. आईला हे लपवून सांगू नकोस. तिला अर्धवट सांगितलं तर उरलेलं ती रात्री जागून स्वतः रचेल, आणि ते खऱ्याहून भयंकर असेल.

राहिला प्रश्न बाबांचा. तो तू मधेच एका ओळीत लिहिलास, पण पत्र त्याच्याचसाठी लिहिलंस असं मला वाटतं.

अडीच महिने हा आकडा आधी मनातून काढ. मोझेकमध्ये फेब्रुवारी २०२० ची माणसांची अदलाबदल उशिरा झाली, कारण बर्फ फोडत येणारं जहाजच लवकर पोहोचेना. त्यानंतरच्या तुकडीची सुटका एप्रिलमध्ये विमानाने व्हायची होती. कोरोनाने ते रद्द झालं आणि ती माणसं जूनपर्यंत अडकली. शेवटी जहाजाला लादी सोडून स्वालबार्डपर्यंत यावं लागलं. घरी तारीख सांगू नकोस, "मार्च ते मे यांच्यामध्ये कधीतरी" असं सांग. इतक्या उत्तरेला विषुववृत्तावरचे नेहमीचे दळणवळण उपग्रह क्षितिजाखाली जातात. लिहिलेला निरोप जातो-येतो, पण व्हिडिओ कॉलचा भरवसा धरू नकोस. आणि हिवाळ्यात मधेच कुणाला परत आणणं जवळजवळ अशक्य असतं. बाबांना काही झालं तर तू येऊ शकणार नाहीस. हे मान्य करून जायचं, नाहीतर जायचं नाही.

मी तिथे असताना माझी आजी गेली. तोच तारा दाखवणारी. पाचव्या आठवड्यात. घरच्यांनी ठरवलं, पोरीला कळवायचं नाही, तिच्या कामात विघ्न नको, येऊन तरी काय करणार आहे. त्यांनी प्रेमानेच केलं. चार आठवडे मी "आजी कशी आहे" विचारत राहिले आणि "बरी आहे, झोपलीय" असं उत्तर येत राहिलं. परतल्यावर विमानतळावर भावाच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिचे दिवसही होऊन गेले होते. मला राग आजी गेल्याचा नव्हता. त्या चार आठवड्यांत मी हसत होते, वाढदिवसाचा केक खात होते, याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. जहाजावर कळलं असतं तर रडले असते, चार माणसं जवळ होती, एक दिवस काम केलं नसतं. तेवढं त्या माणसांना झेपलं असतं.

म्हणून जायच्या आधी हे घरात उघड बोला, सगळे एकत्र बसून. काही झालं तर तुला कळवायचं की नाही, हे तुझ्या गैरहजेरीत कुणी ठरवू नये. तू आत्ता ठरव. कळवायचं असेल तर कोण कळवणार ते एका माणसावर ठेव, भाऊ असो, काका असो, आणि त्याला जहाजाच्या डॉक्टरचा किंवा मोहीमप्रमुखाचा पत्ता देऊन ठेव, म्हणजे निरोप आधी त्यांच्याकडे येईल आणि ते तुला केबिनमध्ये बसवून सांगतील. न कळवणं तुला बरं वाटत असेल तर तेही चालेल, पण मग "कसे आहेत" हा प्रश्न विचारायचा नाही आणि खोटं उत्तरही कुणी द्यायचं नाही. बाबांची तपासणी जायच्या आधी करून घे. गोळ्यांची यादी फ्रिजवर चिकटव. रात्री-अपरात्री गडहिंग्लजहून कोल्हापूरला नेणारी गाडी कोणाची, चालवणार कोण, हे ठरवून ठेव. आई अस्वलाला भीत असेलच, पण मला वाटतं तिला खरी भीती याची आहे की काही झालं तर ती घरात एकटी असेल. ते तिने तुला सांगितलं नाही, कारण तीही सोसणाऱ्यातलीच.

आज रात्री फोन कर तिला. मोहिमेचं नाव काढू नकोस. विचार, "आई, बाबांना रात्री दुखायला लागलं तर तू आधी कोणाला उठवशील?" आणि मग ती बोलेपर्यंत थांब.

तुझी,
ताई